सत्याऐंशी फायली

आत्याने भिंतीवरचं घड्याळ काढलं, टॉवेलात गुंडाळलं, आंघोळीच्या खोलीतल्या बादलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग फ्रिज बंद केला. फ्रिजने एकदा सगळं अंग झटकलं आणि तोही गप्प झाला. खिडकीवर दोन रजया टांगल्या होत्या, त्यामुळे सकाळचे अकरा वाजले असूनही खोलीत दिवेलागणीसारखा उजेड होता. टेबलावर संगणक, त्यापासून लांब वायरीने ओढून आणलेला माईक आणि माईकसमोर तिवईवर संतूर.

तिने पडद्यावरच्या लाल गोलावर बाण नेला, बटण दाबलं आणि उजव्या हातातल्या लाकडी कलमाने सा वाजवला.

सा निघाला, खोलीभर फिरला, बारीक होत गेला, आणि अगदी विरायच्या बेतात असताना खालच्या मजल्यावरून शिंक आली. एक, मग दुसरी. तिसरी तर अशी, की संतूरच्या तारासुद्धा दचकल्या असाव्यात.

"झालं! गेला सा कामातून," आत्या म्हणाली.

खालच्या मजल्यावर राहायचा कंडक्टर. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. आत्या जिना उतरून खाली गेली. दार उघडंच होतं, तो खुर्चीत बसून रुमाल घडी करत होता.

"शिंका किती देता हो तुम्ही?"

"तीन. लहानपणापासून तीनच. का, काय झालं?"

"मी वर रेकॉर्डिंग करतेय. एकेक सूर. पूर्ण शांतता लागते त्याला."

"मग मी शिंकायचं कुठं, आत्याबाई? स्टॉपवर जाऊन?"

"अकरा ते एक एवढं सांभाळा. पंधरवड्याचा प्रश्न आहे."

"शिंकेचं असं असतं का? ती काय वेळापत्रकावर येते?" पण तिचा चेहरा पाहून तो नरमला. "बरं. अकरा ते एक बाहेर बाकावर जाऊन बसत जाईन. ऊन तरी खाईन. पण काय म्हणायचं हे, रेकॉर्डिंग म्हणजे? गाणं?"

"गाणं नाही. नुसते सूर. सुटे."

"सुटे!" कंडक्टर खूश झाला. "आयुष्यभर लोकांकडे सुटे मागितले मी. तुम्ही पहिल्याच, स्वतःहून देताय."

आत्या हसत वर आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर हसू संपलं होतं.

आत्या म्हणजे सगळ्या इमारतीची आत्या. खरं तर ती एकाच माणसाची आत्या होती, तिच्या भाच्याची. तो तिच्या वरच्याच मजल्यावर बायको-मुलीसह राहायचा, त्याच्या तोंडची हाक सगळ्यांनी उचलली. आत्याने चौतीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काम केलं. त्या काळी कागदावर एक अक्षर चुकलं की अख्खा कागद पुन्हा. खाडाखोड चालायची नाही. आत्याच्या कागदात कधी कोणाला चूक सापडली नाही, आणि तिचा तोच एक अभिमान होता. लग्न केलं नाही. चाळिशीत संतूर शिकली, तेही एका वयस्कर वादकाकडे, एकटीच. त्यांच्याकडे दुसरं कोणी शिकायला येत नसे. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती याच खोलीत बसून वाजवत आली होती.

ज्यांनी संतूर जवळून पाहिलं नाही, त्यांनी लाकडाची एक चपटी पेटी डोळ्यांसमोर आणावी. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. तिच्यावर तारा ताणलेल्या. आत्याच्या संतूरला एकोणतीस सूर होते आणि प्रत्येक सुराला तीन तारा. दोन हातांत दोन हलकी, पुढे वाकलेली लाकडी कलमं धरायची आणि तारांवर मारायची. मारायची म्हणजे टेकवून लगेच उचलायची. तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर उचलतो तशी. आत्या हे असंच शिकवायची.

शिकवायची कोणाला, तर भिंगरीला. भिंगरी म्हणजे भाच्याची मुलगी. घरात एका जागी कधी उभी राहिली नाही म्हणून हे नाव पडलं. पण संतूरसमोर तीच भिंगरी तासभर मांडी घालून बसे. पाच वर्षांची असल्यापासून रोज साडेपाचला वरून खाली धावत यायची. आत्या तिची पावलं मोजायची, वीस पायऱ्या, शेवटच्या दोन एकदम. आता ती साडेनऊ वर्षांची होती आणि सात महिन्यांपूर्वी भाच्याची बदली झाली होती. विमानाने चार तास लागतात तिथे. वरच्या मजल्यावर नवं जोडपं आलं होतं. ते घरात कापडी सपाता घालून फिरायचे, आवाज म्हणून नाही. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने हे फार सोयीचं होतं.

भिंगरी गेल्यापासून रविवारी सकाळी दहाला संगणकावर शिकवणी चाले. आठवड्यात आत्या ज्याच्यासाठी म्हणून केस नीट विंचरायची असा तो एकच तास. पण शिकवणी काही जमेना. समोरच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून संगणक बाकीचे सगळे आवाज कचरा समजून झाडून टाकतो. संतूरही त्याला कचराच वाटे. आत्या इकडे वाजवायची आणि तिकडे भिंगरी म्हणायची, "आत्याआजी, पुन्हा बुडबुडे आले." भिंगरीकडे संतूर नव्हतं. एक छोटा कीबोर्ड होता, त्यावर ती पट्ट्या दाबून सूर शोधायची, आवाज पियानोचा.

मग भाच्याचा फोन आला होता.

"आत्या, एक आयडिया आहे. तू तुझ्या संतूरचा एकेक सूर रेकॉर्ड करून पाठव. प्रत्येक सुराची वेगळी फाइल. मी त्या इथे संगणकात बसवतो आणि कीबोर्ड जोडतो. पट्टी दाबली की तुझं संतूर वाजेल."

"माझं? तिथं?"

"तिथं म्हणजे इथं. हो."

"अरे वा!"

"फक्त जरा लवकर करावं लागेल." तो थांबला. आत्याला त्याचं थांबणं लहानपणापासून ठाऊक होतं. काहीतरी फोडलं की तो असा थांबायचा. "तिच्या शाळेत वाद्यांचा वर्ग चालतो. रविवारी, दहा ते अकरा. हिचं म्हणणं, घालू या तिला. नाव पुढच्या बुधवारनंतरच्या बुधवारपर्यंत द्यायचंय."

"रविवारी दहाला?"

"तीच वेळ आहे. भिंगरी म्हणते, मला आत्याआजीकडेच शिकायचंय. पण आत्या, बुडबुड्यांतून ती किती दिवस शिकेल? तुझं हे जमलं तर प्रश्नच नाही. नाहीतर मग..."

"जमेल," आत्या म्हणाली. "कसं करायचं तेवढं नीट सांग. मी लिहून घेते."

तिने लिहून घेतलं. प्रत्येक सूर तीनदा वाजवायचा, हळू, मध्यम आणि जोरात. म्हणजे एकोणतीस त्रिक सत्याऐंशी फायली. सूर वाजवल्यावर तो पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही. आणि शेवटी भाच्याने सांगितलेलं वाक्य तिने लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. सूर स्वच्छ हवा, मागे दुसरं काही वाजता कामा नये.

कंडक्टर दुसऱ्या दिवसापासून अकराला काठी टेकत बाहेर पडू लागला. आत्या रोज दोन तास काम करी. रेकॉर्ड झालेला सूर पडद्यावर चित्रासारखा दिसायचा. बेडकाच्या पिल्लासारखा, आधी जाड डोकं, मग निमुळती होत जाणारी लांब शेपटी. आत्या कानाला हेडफोन लावून प्रत्येक पिल्लू तपासायची आणि तिला खोट सापडायची.

खोट अशी. सा वाजवला, तर साच्या मागे आणखी काहीतरी गुणगुणत असे. न मारलेल्या तारा. एका तारेला छेडलं की बाकीच्या आपोआप थरथरतात, वरचा सा, पंचम, कुठूनतरी एखादा गंधारही. इतक्या वर्षांत आत्याने ते वेगळं असं कधी ऐकलंच नव्हतं. आता हेडफोनमध्ये ते मुंग्यांसारखं कानात शिरू लागलं. मागे दुसरं काही वाजता कामा नये. चौतीस वर्षांच्या टायपिस्टला कागदावरचा एवढासा डागही दिसतो.

तिने कपाटातून जुनी लोकरीची शाल काढली. जो सूर वाजवायचा तेवढ्याच तारा उघड्या ठेवून बाकीच्या सगळ्यांवर शाल पसरली आणि नीट दाबून बसवली. मग सा वाजवला. टणक, सुटा सा. मागे काही म्हणजे काही नाही. पडद्यावरच्या पिल्लाची शेपटी जरा आखूड झाली होती, पण रेषा कशी काळीभोर आणि कडेला साफ.

"हे असं," आत्या स्वतःशीच म्हणाली, आणि आधी केलेल्या सगळ्या फायली पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

नऊ दिवस लागले. प्रत्येक सुरासाठी शाल उचलायची, सरकवायची, पुन्हा घालायची. एकदा फ्रिज चालू करायचा राहिला आणि दूध नासलं. एकदा सगळं घर बंद करून बसली आणि कंडक्टरने दोन तास सांभाळायची ती शिंक तिलाच आली. शुक्रवारी संध्याकाळी तिने सत्याऐंशी फायली पाठवल्या. एकही खाडाखोड नव्हती.

रविवारी दहाला पडद्यावर भाचा, भिंगरी आणि मागे भाचेसून अशी तिघंही दिसली. भिंगरीच्या मांडीवर कीबोर्ड होता.

"आत्याआजी, ऐक हं!"

भिंगरीने पट्ट्या दाबल्या. आत्याला अर्थातच बुडबुडे ऐकू आले. ऐकण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती भिंगरीचं तोंड बघत राहिली. भिंगरीने चार सूर वाजवले, मग दोन, मग एकच सूर दोनदा. मग तिने हात काढून घेतले.

"छान आहे," ती म्हणाली.

आत्याने आयुष्यात एकाच मुलीला शिकवलं होतं, पण त्या मुलीचं 'छान' तिला पाठ होतं.

"खरं सांग."

"छानच आहे."

"भिंगरे."

भिंगरीने बापाकडे पाहिलं. "हे तुझं नाहीये, आत्याआजी. म्हणजे तुझंच असेल. पण चमच्याने डबे वाजवल्यासारखं येतंय."

"अगं!" मागून भाचेसून म्हणाली. "किती मेहनत घेतलीय त्यांनी."

"तिनेच सांगितलं ना खरं सांग म्हणून!"

"बरोबर आहे तिचं," आत्या म्हणाली.

भाचा म्हणाला, "आत्या, फायली एकदम स्वच्छ आहेत. तुझी काहीच चूक नाही. सुट्या सुरांचं असंच होत असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही बुधवारी नाव..."

"बुधवारपर्यंत थांब," आत्या म्हणाली. "नाव द्यायची घाई करू नकोस. मी बघते."

बघते म्हणाली खरी, पण काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पडदा काळा झाला. रजयांमुळे रस्त्यावरचा आवाज आत येत नव्हता. तिने संतूरवरची शाल काढून घडी केली. मग हात मोकळे होते म्हणून कलम उचललं आणि खालचा सा वाजवला, कशासाठी असं नाही.

तो वाजला आणि तिला हसू आलं, रडूही आलं.

भिंगरी सहा वर्षांची असताना त्यांनी एक खेळ केला होता. कागदाचे नखाएवढे तुकडे करायचे, मधोमध दुमडून झोपडीसारखे तारांवर बसवायचे. मग खालचा सा वाजवायचा. वरच्या साच्या तारेवरची झोपडी टुणकन उडायची. त्या तारेला कोणी हात लावलेला नसायचा. भिंगरी तेव्हा डोळे मोठे करून म्हणाली होती, "तिला कोणी मारलं?" आणि आत्या म्हणाली होती, "कोणी नाही. ओळखीचा सूर ऐकला म्हणून ती उठली." त्यानंतर दोन दिवस भिंगरी झोपड्याच उडवत होती. कोणती तार कोणाला ओळखते याची तिने वहीत यादीसुद्धा केली होती.

हे सगळं शिकवणारी बाई नऊ दिवस सगळ्या तारांच्या तोंडावर शाल दाबून बसली होती.

"वा गं शहाणे," आत्या मोठ्याने म्हणाली. विजेच्या बिलाच्या पाकिटाचा कोपरा फाडून तिने एक झोपडी केली आणि पंचमाच्या तारेवर ठेवली. सा वाजवला. झोपडी उडाली नाही, पण थरथरली. मागे वाजणारं ते काहीतरी घाण नव्हतंच. इतकी वर्षं तिला ऐकू येत नव्हतं, कारण त्यालाच ती संतूर म्हणत आली होती.

आता दिवस उरले होते अडीच. तिने जेवणाचा विचार सोडला. आधी सत्याऐंशी तारा पुन्हा सुरात लावल्या. शालीखाली सूर किंचित बेसूर असला तरी खपून गेला होता. आता एक तार चुकली तर बाकीच्या तिला साद देणार नव्हत्या. चावीने खुंटी एवढीशी फिरवायची, ऐकायचं, परत एवढीशी. मनगट भरून आलं. मग रेकॉर्डिंग. सूर वाजवला की श्वास धरून थांबायचं. पडद्यावरची शेपटी या वेळी कितीतरी लांब निघत होती, आणि तिची कड साफ नव्हती. तिच्यावर बारीक काटा आल्यासारखा दिसायचा.

सोमवारी संध्याकाळी पाचलाच कंडक्टर दारात उभा.

"आत्याबाई, आज एकनंतरही वाजतंय तुमचं. मी घरात जावं की नाही? शिंक दाबून दाबून कानात दडे बसलेत."

"उद्यापर्यंत, कंडक्टर. फक्त उद्यापर्यंत."

"बरं, बरं." तो जिन्यात थांबला. "पण आजचं निराळं वाजतं हां. परवापर्यंत वाटायचं, कोणीतरी खिळे ठोकतंय."

"तुम्ही सांगायचं नाही का तेव्हा?"

"मला काय कळतं त्यातलं? म्हटलं, आत्याबाईंच्या हाताला चूक नसते."

बुधवारी सकाळी आठला शेवटची फाइल गेली. दिवसभर उत्तर नाही. दुपारी आत्या आडवी झाली, पण झोप लागली नाही. फोन उशाशी ठेवून ती छताकडे बघत होती. पाच वाजता संगणक वाजला. ती केस न विंचरताच समोर जाऊन बसली.

पडद्यावर भाचा आणि शेजारी भिंगरी. शाळेच्या कपड्यांतच होती. तिने पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले आणि वाजवू लागली. आत्याच्या कानात नेहमीचे बुडबुडे. पण भिंगरी थांबेना. ती वाजवत होती, मध्येच हात उचलून ऐकत होती आणि ऐकताना तिची मान हळूहळू बाजूच्या स्पीकरकडे कलत गेली. शेवटी तिने गालच टेकवला त्याला. पूर्वी ती संतूरच्या लाकडाला टेकवायची तसा.

तेवढ्यात ओल्या हातांनी भाचेसून आत आली. "हे कुठून वाजतंय? आत्या आल्यात की काय?" मग पडदा दिसला आणि ती ओशाळली. "अय्या, आत्या! मला खरंच वाटलं, तुम्हीच."

"झोपड्या उडतील याने, आत्याआजी," भिंगरी म्हणाली.

आत्याने नुसती मान हलवली, मग पुन्हा हलवली.

"एक नंबर झालंय," भाचा म्हणाला. "काय केलंस काय तू?"

"काही नाही. आधी जे करत होते ते केलं नाही."

तो हसला. मग थांबला. तेच ते थांबणं.

"आत्या, मी दुपारी शाळेत गेलो होतो. त्या वर्गाच्या बाईंना सहज फोनवर ऐकवलं हे. त्या म्हणाल्या, हा आवाज घेऊन ती वर्गात आली तर फार बरं होईल. कीबोर्ड जोडून नेता येतो म्हणे. मी काही कबूल केलेलं नाही. आज सातपर्यंत सांगायचंय."

"मला जायचंय," भिंगरी भरकन म्हणाली. आणि तितक्याच भरकन, "पण तू म्हणशील तसं. तू नको म्हणालीस तर नको. मी तुला म्हटलं होतं ना, तुझ्याकडेच शिकणार."

"शनिवारी ठेवू आपली शिकवणी," भाचा म्हणाला.

"शनिवारी हिचं पोहणं असतं," भाचेसून हळूच म्हणाली.

"मग बघू काहीतरी."

त्या 'बघू'चा अर्थ चौघांनाही कळत होता, साडेनऊ वर्षांच्या भिंगरीलासुद्धा. ती आत्याकडे बघत राहिली. शब्द दिला की तो पाळायचा, हे आत्यानेच या पोरीला शिकवलं होतं. 'नको' एवढं म्हटलं की रविवार आपला राहणार होता. त्याच रविवारसाठी ही मनगटं दुखत होती. शब्द जिभेवर आला होता आणि तो किती हलका आहे याचंच आत्याला नवल वाटलं.

"वर्गात किती मुलं आहेत?" तिने विचारलं.

"अकरा. एक व्हायोलिनवाला आहे, त्याला फक्त दोन बोटं येतात. आणि एक मुलगी बासरी आणते पण वाजवत नाही, नुसती पुसते."

"म्हणजे तुझ्यासकट बारा."

"हो."

चाळिशीत आपण शिकत होतो तेव्हा त्या खोलीत फक्त आपण आणि गुरुजी होतो, हे आत्याला आठवलं. दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायचं कसं, ते तिला आजही येत नव्हतं. ते ती भिंगरीला कुठून देणार?

"जा तू," आत्या म्हणाली. "नाव दे रे तिचं. आणि भिंगरे, तिथं कोणी चुकलं तर हसायचं नाही."

"आणि मी चुकले तर?"

"तर सगळ्यांत आधी तू हसायचं."

भिंगरी खुदकन हसली, उठली, गोल फिरली आणि पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली. तिच्या कपाळावर आठी होती.

"पण मग तू रविवारी काय करशील?"

"मी? मला काय कामं कमी आहेत?"

"कोणती?"

"पुष्कळ आहेत."

"सांग ना एक."

"अगं, आधी कपडे बदल तू. शाळेतून आल्यापासून तशीच बसलीयस. आई ओरडेल."

"ओरडतेच आहे," मागून आवाज आला. भिंगरीने हात हलवला, पडदा काळा झाला आणि त्यात आत्याला स्वतःचे न विंचरलेले केस दिसले. खुर्चीवरून न उठता ती बराच वेळ रविवारसाठी एखादं काम खरोखरच आठवत राहिली.